गाडीवरील सोलर संचाच्या खरेदीत झालेली माझी फसवणूक

माझ्या पत्नीला मधुमेह असून तिला दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते, आणि न उघडलेल्या इन्सुलिनच्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. निवृत्तीनंतर घेतलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आतून बदलून तिच्यात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली, तेव्हा १२ व्होल्टवर चालणारा लहान फ्रिज ही आमची पहिली गरज होती. उजनीच्या फुगवट्याच्या काठी हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी दोन-तीन दिवस मुक्काम करावा, एवढीच आमची इच्छा. काठावर मुक्कामाच्या जागी वीज नाही, म्हणून गाडीच्या छतावर सोलर बसवायचे ठरले. फ्रिज, एक पंखा, दिवे आणि मोबाइल मिळून रोजची गरज साधारण ९०० वॉट-तास होती.

सोलापुरातीलच एका विक्रेत्याने २०० वॉटचे दोन मोनो (मोनोक्रिस्टलाइन) पॅनेल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारे यंत्र), २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि १००० वॉटचा इन्व्हर्टर असा संच १ लाख १२ हजार रुपयांत देऊ केला. इतर दोन दुकानांच्या भावापेक्षा हा भाव बराच कमी होता. त्याचे कारण विचारले असता तो म्हणाला, "काका, सबसिडीचा माल हाय, तुम्ही टेन्शन घेऊ नका. पंचवीस वर्षं बघायचं काम नाही." येथेच मी थांबायला हवे होते. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घराच्या छतावरील, महावितरणच्या जाळ्याशी जोडलेल्या संचासाठी असते आणि ते ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. गाडीवरच्या पॅनेलशी त्याचा काहीही संबंध नाही आणि दुकानातील माल त्यामुळे स्वस्त होत नाही. ही माहिती मी नंतर वाचली. त्या वेळी मात्र ७० हजार रुपये त्याने सांगितलेल्या एका व्यक्तीच्या नावावर यूपीआयने पाठवले आणि उरलेले रोख दिले. हाती आली ती दुकानाचा शिक्का नसलेली कच्ची पावती.

डिसेंबरमध्ये उजनीला गेलो. पहिल्या रात्री दोन वाजता फ्रिज बंद पडला. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन असूनही संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरती भरली नाही, आणि इन्व्हर्टरवर मिक्सर लावताच बॅटरीकडून येणारी वायर हात लावता येणार नाही इतकी तापली. इन्सुलिनच्या कुप्या गावातील एका शेतकरी कुटुंबाने त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच परत निघालो.

एमआयडीसीत विजेच्या मोटारींचे रिवायंडिंग करणारे एक वयस्कर चाचा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी लेबल वाचलेच नाही, आधी टेप मागितला. प्रत्येक पॅनेल १०५ सेंटिमीटर लांब आणि ५४ सेंटिमीटर रुंद भरला, म्हणजे क्षेत्रफळ ०.५७ चौरस मीटर. आजच्या चांगल्या मोनो पॅनेलची कार्यक्षमता २१-२२ टक्के धरली, तर एका चौरस मीटरमधून प्रखर उन्हात २१० ते २२० वॉट मिळतात. त्या हिशोबाने हा पॅनेल १२० वॉटच्या आसपासचा ठरतो. २०० वॉटसाठी जवळजवळ एक चौरस मीटर जागा लागतेच. पाठीमागील लेबलवर मात्र २०० वॉट ठसठशीत छापलेले होते. लेबल कोणीही छापू शकतो, पॅनेलचे क्षेत्रफळ मात्र वाढवता येत नाही.

मग कंट्रोलरची पाळी आली. भर दुपारी वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर पॅनेलकडून ९ अँपिअर येत होते आणि बॅटरीकडेही ९ अँपिअरच जात होते. पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा जास्त असताना खरा एमपीपीटी कंट्रोलर जादा व्होल्टेजचे रूपांतर करून बॅटरीकडे जास्त अँपिअर पाठवतो. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे आले, म्हणजे आत साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे असे रूपांतर न करणारा कंट्रोलर आहे. डिसेंबरमध्ये सोलापुरात दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे आडव्या पॅनेलवर पाऊणपट ऊन पडते, हे मान्य करूनही ४०० वॉटच्या खऱ्या संचाकडून २० अँपिअरच्या जवळपास मिळायला हवे होते.

सर्वांत मोठा घाव बॅटरीने घातला. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बॅटरी साधारण २० किलोच्या पुढे भरते. आमची पेटी किराणा दुकानाच्या काट्यावर ९ किलो ४०० ग्रॅम भरली. चाचांनी ती पूर्ण चार्ज केली आणि तिला मोटारीच्या हेडलाइटचे ६० वॉटचे दोन बल्ब जोडले. दोन्ही मिळून सुमारे १० अँपिअर घेतात, म्हणजे बल्ब २० तास जळायला हवेत. ते सहा तासांच्या आत विझले. झाकण उघडल्यावर आत वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टणातले वापरलेले सेल निघाले, काहींवरचे आकडे खरवडलेले होते.

पैशाच्या नुकसानीपेक्षाही मला अस्वस्थ करते ती वायर. १००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून अधिक ओढतो. त्यासाठी किमान २५ चौरस मिलिमीटरची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लागतो. आमच्या गाडीत ६ चौरस मिलिमीटरची वायर होती आणि फ्यूज कुठेच नव्हता. ही वायर आमच्या पलंगाखालून, गादीला लागून गेलेली होती. चाचांनी त्याच दिवशी ती काढायला लावली. ज्यांनी असा संच बसवून घेतला आहे, त्यांनी बाकी काही तपासायच्या आधी बॅटरीजवळचा फ्यूज शोधावा, आणि तो नसेल तर इन्व्हर्टर चालू करू नये.

विक्रेता आधी "उन्हाचा प्रॉब्लेम हाय" म्हणत राहिला, नंतर फोन उचलेनासा झाला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पक्के बिल नसल्याने यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरील त्याचे लेखी दरपत्रक हेच माझे मुख्य पुरावे आहेत. वजनाच्या काट्याचा आणि टेप लावलेल्या पॅनेलचा फोटोही जोडला आहे. पॅनेल लेबलसह तसेच ठेवले आहेत, आणि उघडलेली ती पेटी सील करून घरातल्या कोपऱ्यात ठेवली आहे. आयोगाने मागितली की ती नेऊन द्यायची आहे.