गुवाहाटीला अकरा महिने पार्सल पाठवताना

मुलगी शिकायला गुवाहाटीला गेली, तेव्हापासून मी नागपूरहून स्पीड पोस्टाने तिला खाऊ पाठवते. दिवाळीपासून आजवर चौदा पार्सलं झाली आणि चौदाही पोचली. सामान धड पोचायला लागलं मात्र चौथ्या खेपेपासून, आणि त्याला कारण एकच, खोक्याचं माप.

आधी मी किराणा दुकानातून मिळेल तो मोठा खर्ड्याचा (पुठ्ठ्याचा) डबा आणायची. ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात सामान जेमतेम तीन किलो. काउंटरवर कळलं की लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून ५००० ने भागतात, आणि काट्यावरच्या वजनापेक्षा तो आकडा जास्त आला तर पैसे त्याचे लागतात. माझ्या खोक्याचं वजन निघालं ७.२ किलो! शिवाय आतली बरणी वाटभर इकडून तिकडे आपटत गेली, ते वेगळंच. आता इतवारी बाजारातून ३० × २० × २० चे पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांच्या खर्ड्याचे, खोके आणते. त्याचं मापाचं वजन २.४ भरतं, म्हणजे पैसे खऱ्या तीन किलोंचेच. बंद करून कानाजवळ हलवायचं. आत जरा जरी खुडखुड झाली तर परत उघडायचं. सांदीत भरायला मोजे, टॉवेल, थंडीच्या दिवसांत स्वेटर घालते. तिला ते लागतातच, मग बबल रॅपचा खर्च कशाला?

लिंबाच्या लोणच्याची बरणी काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा. झाकणाखाली प्लॅस्टिक, झाकणावरून टेप, मग एकात एक दोन पिशव्या. ‘ही बाजू वर’ लिहिलं तरी पार्सल वाटेत दहादा उलटं होणार, हे धरूनच बांधायचं.

मे महिन्यात सगळ्यात जास्त शिकले. नागपूरचं ऊन ४५ अंशांवर गेलेलं आणि मी तुपाचे लाडू कागदी डब्यात घातले. तिने फोटो पाठवला. खोक्याच्या तळाला तळहाताएवढा तेलकट डाग, आणि तिथली टेप सालीसारखी सुटून आलेली. तूप खर्ड्यात उतरलं की गोंद धरतच नाही. तेव्हापासून लाडू घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात जातात.

पत्ता बॉलपेनने लिहा. जुलैत गाडीवरून नेतानाच माझी जेलपेनची शाई पसरली होती. त्यावर पारदर्शक टेप लावा, पण पोस्टाच्या बारकोडसाठी शेजारी कोरी जागा ठेवा, आणि एक चिठ्ठी पत्ता-फोन लिहून आतही टाका. पिनकोड दोनदा वाचा. मी एकदा ७८१ च्या जागी ७१८ लिहिलं. काउंटरवरच्या ताईंनी लगेच पकडलं, कारण ७८ आसामचे आणि ७१ पश्चिम बंगालचे. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे, आणि पार्सल कोणत्या भागात जाणार ते या सुरुवातीच्या आकड्यांवरूनच ठरतं. त्या ताईंचे मी मनापासून आभार मानले.

पार्सलला सहा ते नऊ दिवस लागतात, म्हणून संत्रा बर्फी मी पाठवत नाही. मुंगवड्या, सावजी मसाला, शेवया उत्तम जातात. कुरडया मात्र अजून एकदाही अख्ख्या पोचल्या नाहीत. ती त्या चुऱ्याची कांदा घालून भाजी करते, तरी तळलेल्या कुरडईची चव तिला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. या खेपेला कुरडया डब्यात उभ्या रचून मधे सुती कापडाचे थर दिले आहेत. हे पंधरावं पार्सल सोमवारी टाकलंय.