एल्क नाही मिळालं, तर? कोलोरॅडोतल्या शिकारीचे तीन पर्याय

कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क (मोठ्या आकाराचं हरीण) आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तरी दर हंगामात ढोबळमानाने पाचांतले चार शिकारी हात हलवत परततात. त्यामुळे ‘नाही मिळालं तर चालेल का’ हा प्रश्न टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) घेण्याआधीच सोडवलेला बरा.

आडरानात तंबू, स्वतःच्या बळावर. परराज्यातल्या माणसाला नराचा टॅग सुमारे 800 डॉलरला पडतो. राज्यात सलग सहा महिने राहिलेल्याला त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामात बऱ्याच युनिटांचा (शिकारीसाठी आखलेल्या विभागांचा) टॅग सोडतीशिवाय मिळतो, म्हणूनच गर्दीही तिथेच. पहिल्या दिवशी गोळ्यांचे आवाज झाले की कळप खासगी जमिनीवर किंवा उत्तर उताराच्या दाट झाडीत शिरतात. उरलेलं काम वारा बिघडवतो: पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर, संध्याकाळी पुन्हा खाली. सकाळी आठला बरोबर असलेली जागा दहाला तुमचाच वास कळपाकडे पोचवते. शिवाय बहुतेक युनिटांत नराच्या एका शिंगाला किमान चार टोकं किंवा पाच इंचांचं कपाळालगतचं टोक लागतं. कोवळा नर समोर उभा राहिला तरी बंदूक खाली.

मादीचा टॅग. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, सोडतीने. टॅग थोडा स्वस्त, शिंगांचा प्रश्न नाही, आणि रस्त्यापासून दोनेक किलोमीटरवर जमेल असं युनिट निवडता येतं. हाडं काढून 60-70 किलो मांस मिळतं. फ्रीझर भरायचा असेल, तर आमचं मत सरळ याला.

आउटफिटर, म्हणजे शिकारीची सोय करून देणारा व्यावसायिक. पूर्ण मार्गदर्शनासह 6,000 ते 10,000 डॉलर. घोडे, तंबू, जेवण आणि मांस खाली आणण्याची सोय मिळते. एल्कची हमी याही पैशांत नसते. पहिल्याच खेपेला इतका खर्च करून रिकामं परतणं सगळ्यात जास्त झोंबतं.

आता एक हिशोब, जो फार कमी जण आधी करतात. आडरानात रिकामं परतण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे चुकीच्या जागी एल्क मिळणं. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस 90-100 किलो भरतं. पाठीवर 30 किलो धरले तर चार खेपा. गाडी सहा किलोमीटरवर असेल, तर चार भरल्या आणि मधल्या तीन रिकाम्या चकरा मिळून 42 किलोमीटर, तेही 3,000 मीटर उंचीवर. दोघं असाल तर प्रत्येकी 18. एकट्याला दोन-तीन दिवस लागतात आणि सप्टेंबरच्या उन्हात मांस तेवढं थांबत नाही. खराबी मागच्या पायाच्या खुब्यापासून, हाडालगत सुरू होते, कारण तिथली ऊब सर्वांत उशिरा जाते. म्हणून कातडं लगेच उतरवायचं, मागचे पाय खुब्यातून सुटे करायचे, जाळीदार पिशव्यांत घालून सावलीत, हवा खेळेल असे टांगायचे. लिंग ओळखण्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवायचा आणि खाण्याजोगं मांस टाकून यायचं नाही. दोन्हींत चूक झाली तर कायद्याने गुन्हा. एकटे असाल, तर गाडीपासून तीन किलोमीटरपलीकडे गोळी न झाडण्याची मर्यादा आधीच घालून घ्या.

मग रिकामी खेप वाया जाते का? पुढच्या वर्षी त्याच युनिटात परतणार असाल, तर नाही. ताज्या लेंड्या, चिखलातल्या लोळणी, शिंगं घासलेली झाडं, पाण्याच्या जागा, शिवाय इतर शिकाऱ्यांचे तंबू कुठे होते, हे सगळं तारीख-वेळेसह ऑफलाइन नकाशावर नोंदलं, तर पुढच्या खेपेचे पहिले दोन दिवस वाचतात. एकदाच जाणार असाल, किंवा सगळे दिवस एकाच टेकाडावर बसून काढलेत, तर मात्र ती महागडी सहल. सोडतीशिवायचा टॅग घेतल्याने साठवलेले प्रेफरन्स पॉइंट (सोडतीत प्राधान्य मिळवून देणारे गुण) जात नाहीत, ही एक जमेची बाजू.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी मंडळींना बहुधा सगळंच शून्यापासून शिकावं लागतं. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. एच-1बीसारख्या व्हिसावर बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे; वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राची रायफल हाती घेण्याआधी परवाना खिशात हवा आणि वकिलाला एकदा विचारलेलं बरं. रायफल हंगामात अंगावर किमान 500 चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची.