इगतपुरीचे दहा दिवस की आठ आठवड्यांचा वर्ग?

परीक्षा तोंडावर आली की हॉस्टेलवर कुणीतरी म्हणतंच, "इगतपुरीला जाऊन ये, डोकं शांत होईल." सल्ला चांगला, वेळ चुकलेली.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातलं विपश्यना ध्यानाचं शिबिर १० दिवसांचं. पहाटे ४ ला घंटा, रोज दहाएक तास बैठक, मौन, मोबाइल जमा. वाचन-लेखनाला बंदी, त्यामुळे 'शांततेत थोडा अभ्यासही उरकेल' हा बेत सोडून द्या. पहिले तीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना पाहणं. गुडघे त्याआधीच बोलू लागतात. शुल्क नाही, दानही शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात. विद्यार्थ्याच्या खिशाला याहून परवडणारं काही सापडायचं नाही. पण आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, म्हणजे चालू सेमिस्टरमध्ये हजेरीचे तीन तेरा. तेव्हा सुट्टीतच जा. आणि हे अभ्यासाचं तंत्र समजून जाऊ नका, तिथं कुणी तसा दावाही करत नाही.

दुसरी वाट आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गाची. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला 'एमबीएसआर' (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन, म्हणजे ध्यानातून ताण कमी करण्याचा वर्ग) हा ८ आठवड्यांचा: दर आठवड्याला अडीच तास, शिवाय घरी रोज ४५ मिनिटं. खरी गोची त्या ४५ मिनिटांची. तिसऱ्या आठवड्यात सबमिशन आलं की आधी तीच गळतात.

केंब्रिज विद्यापीठानं विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीचा, पण तासा-दीड तासाच्या सत्रांचा वर्ग घेतला आणि ६१६ विद्यार्थ्यांवर तपासला. २०१८ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की वर्ग केलेल्यांना ऐन परीक्षेच्या काळात मानसिक त्रास कमी झाला. त्रास कमी झाला म्हणजे गुण वाढले, असं मात्र समजू नका.

वाचताना मन भटकतं, चार ओळींनंतर पुन्हा पहिल्या ओळीवर यावं लागतं, अशी तक्रार असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेचा २०१३ चा प्रयोग पाहा. ४८ विद्यार्थी, दोन आठवडे, आठवड्यातून चारदा ४५ मिनिटं. एका गटाला ध्यान, दुसऱ्याला आहारशास्त्र शिकवलं. ध्यानवाल्यांचे जीआरईच्या (अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) उताऱ्यांवरचे गुण सुधारले, आणि मुळात ज्यांचं मन जास्त भरकटायचं त्यांना फायदा अधिक. प्रयोग लहान आहे, पण प्रश्न अगदी आपलाच.

ध्यानाच्या अ‍ॅपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दहा मिनिटं फुकट, सोयीची. फक्त ज्या फोनपासून सुटायचं तोच हातात घ्यावा लागतो.

माझं मत विचाराल तर विद्यापीठात किंवा आसपास चांगल्या शिक्षकाचा साप्ताहिक वर्ग असेल तर सेमिस्टरच्या सुरुवातीलाच नाव घाला. नसेल तर अ‍ॅपवर महिनाभर सवय लावा आणि उन्हाळ्यात इगतपुरी. तिथल्या अर्जात मानसिक आजार, औषधं यांबद्दल विचारतात. ते खरं लिहा. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर यातलं काहीच आधी नको. डॉक्टर गाठा किंवा 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.