राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना: एका लघुउद्योजकाचा अनुभव

भोसरीतील आमच्या वर्कशॉपमध्ये २२ कामगार आहेत. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनाच शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असले, तरी आम्ही स्वेच्छेने दोघांना घेतले. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. पूर्वी मालकाला संपूर्ण रक्कम देऊन नंतर परतावा मागावा लागे. ऑगस्ट २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होऊ लागला, आणि ही सुधारणा आम्हाला सर्वांत मोलाची वाटते, कारण परताव्याची वाट पाहत खेळते भांडवल अडकून पडत नाही. आमच्या एका शिकाऊ उमेदवाराचे बँक खाते आधारशी जोडलेले नसल्याने त्याची रक्कम दोन महिने रखडली. करार नोंदवण्याआधीच ही जोडणी तपासून घ्यावी. मदत तुटपुंजी आहे, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे: शिकताना बिघडणारे जॉब (यंत्रावर घडवायचे भाग) आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या जुन्या टर्नरचा, म्हणजे लेथ यंत्र चालवणाऱ्या कारागिराचा, वेळ यांचा खर्च त्यातून भरून निघत नाही. तरीही जूनमध्ये ज्याला व्हर्नियर या मोजपट्टीवरचे माप वाचता येत नव्हते, तो मुलगा आता लेथचे सेटिंग स्वतः करतो, म्हणून पुढील वर्षी आम्ही आणखी दोघांना घेणार आहोत.