फ्री डिशची छत्री: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

डिश मे महिन्यात बसवली, आता नोव्हेंबर चालू आहे. बसवल्याच्या आठवड्यातच लिहायला बसलो असतो तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. कोरड्या आभाळाखाली वाकडी छत्रीसुद्धा चालते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

घर पुण्यात सहकारनगरला, सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. आईला सह्याद्री आणि जुने सिनेमे पुरतात आणि मला दर महिन्याला रिचार्ज करायचा कंटाळा, म्हणून दूरदर्शनची बिनरिचार्जची डीडी फ्री डिश. ६० सेंमीची छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा, सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स आणि आरजी-६ केबल, सगळं तपकीर गल्लीतून आणलं. बसवायला माणूस दुकानदारानेच दिला. तो गच्चीवर गेला, शेजारच्या छत्रीकडे बघून आपली तशीच वळवली, थोडी इकडेतिकडे केली आणि वीस मिनिटांत खाली आला. "सर, स्ट्रेंथ ८८ आहे. अजून काय पाहिजे?" मला तरी अजून काय पाहिजे हे कुठे कळत होतं!

जूनमध्ये कळलं. धो धो पावसात चित्र गेलं असतं तर तक्रार नव्हती, पण इथे नुसती भुरभुर आली तरी आई हाक मारायची, "अरे, बातम्यावालीचं तोंड चौकोनी झालं बघ."

जुन्या अँटेनाच्या काळात आधी मुंग्या यायच्या. मुंग्या वाढल्या की कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना हलवायचं. डिजिटलमध्ये अशी पूर्वसूचना नाही. सिग्नल गरजेपुरता आहे तोवर चित्र स्वच्छ, त्याखाली गेला की एकदम चौकोन. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसतंय म्हणजे छत्री नीट लागली असं होत नाही. ६० सेंमीच्या छत्रीची नजर साधारण ३ अंश रुंद असते. नेम १ अंश चुकला तर जवळपास पाव सिग्नल जातो. उघडीप असताना हा पाव भाग गेल्याचं जाणवतही नाही, पण पावसासाठी ठेवलेली शिल्लक तीच असते. बॉक्सवरची 'स्ट्रेंथ' इथे काही सांगत नाही, बघायची ती 'क्वालिटी', म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतोय ते. आमची होती ५१.

शेवटी जूनच्या अखेरीस एका रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली घेतली आणि स्वतःच लागलो. फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरून. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे आणि आपलं पुणे ७३.९ च्या आसपास. हिशेब केला तर पुण्यातून तो उत्तरेपासून १३२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ नेमका आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर येतो. एलएनबी स्वतःभोवती फिरवायचा तो ४५ अंशांच्या आसपास. आपली ऑफसेट छत्री (जिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) मात्र दिसायला इतकी वर बघत नाही, बरीच उभी दिसते. ती ५९ अंशांनी आडवी करायला जाऊ नका.

शेजारच्याची नक्कल का करू नये, तेही या आकड्यांतच कळलं. शेजारी टाटा प्ले आहे, आणि त्यांचा उपग्रह जीसॅट-२४ आहे ८३ अंशांवर. त्यांची छत्री पुण्यात साधारण १५३ अंशांकडे बघते, आपली १३२ कडे. एकाच गच्चीवर वीसेक अंशांचा फरक! आमच्या माणसाने सुरुवात तिथून केली, मग सरकत सरकत आला आणि पहिलं चित्र दिसताक्षणी थांबला.

मी मोबाइलच्या होकायंत्राने दिशा काढली. पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे वजाबाकीची भानगड नाही. पण लोखंडी कठड्याजवळ होकायंत्र वाट्टेल ते दाखवतं. चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या.

मग खांब. समोरच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि लावून बघितला, तर खांब चांगलाच कललेला. खांब सरळ नसेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलत राहते, आणि मग दिवसभर खेळत बसा. खांब सरळ करण्यातच तासभर गेला. सगळ्या कामात हाच तास सर्वांत कारणी लागला.

छत्री फिरवण्यात नजाकत किती लागते याची कल्पना नव्हती. खांब जेमतेम ४ सेंमी जाड, त्यामुळे त्यावर १ अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. मी मार्करने खूण केली होती, ती रेघच तीन अंश जाड! म्हणून खुणेवर विसंबायचं नाही, आकड्यावर विसंबायचं. लेक खाली टीव्हीसमोर, फोन चालू. "बाबा, ५५... ५८... थांबा... गेलं!" बॉक्सला आकडा दाखवायला दोन-चार सेकंद लागतात, तेव्हा जरा हलवा, थांबा, ऐका. मी नेहमी एका बाजूला आकडा पडेपर्यंत जायचो, मग दुसऱ्या बाजूला पडेपर्यंत, आणि छत्री बरोबर मध्ये आणायचो. उंचीचंही तसंच. शेवटी एलएनबी किंचित फिरवला, त्यात आणखी चार मिळाले. क्वालिटी ७४. नट आवळायला घेतले तर ६८! आवळताना छत्री सरकते. समोरासमोरचे नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे, आणि लेकीला तोवर टीव्हीसमोरून उठू द्यायचं नाही. (ती अजून या रविवारची भरपाई मागते.)

सॅटफाइंडर, म्हणजे सिग्नल सापडला की वाजणारं छोटं यंत्र, घ्यावा का? मी घेतला, आणि नसता घेतला तरी चाललं असतं. तो कुठल्याही उपग्रहावर किंचाळतो. ९३.५ च्या शेजारी ९५ अंशांवर दुसरा उपग्रह आहे, त्यावरही तितक्याच आनंदाने.

आता निकाल. जुलै-ऑगस्टच्या रिपरिपीत चित्र एकदाही हललं नाही. मुसळधार सरीत आजही जातं, पाच-दहा मिनिटांनी येतं. या लहरी जेमतेम अडीच सेंमीच्या, जोरदार पाऊस त्या शोषतोच. गंमत अशी की आमच्या डोक्यावर ऊन असतानाही कधीकधी चित्र अडखळतं. तेव्हा गच्चीवरून बघितलं तर बिबवेवाडीकडे काळं झालेलं असतं. सिग्नल तिकडूनच तिरका उतरतो, शेवटचे दोन-तीन किलोमीटर त्या ढगातून.

ऑगस्टमध्ये क्वालिटी अचानक ६० वर आली. मी पाना घेऊन वर धावलो, पण छत्री जागेवर होती. एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी जाऊन तांब्याची तार हिरवी पडली होती. बसवणाऱ्याने वर टेप गुंडाळलीच नव्हती. टोक कापलं, नवा कनेक्टर, वर रबरी टेप, आणि पाणी तारेवरून ओघळून खालीच गळावं म्हणून केबलला झोल दिला. पुन्हा ७३.

सप्टेंबरात परत घसरण, या वेळी ६६. कारण: तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्या खांबाला कपड्यांची दोरी बांधलेली. ओल्या दोन चादरी आणि एक सतरंजी! काकूंना ५९ अंश वगैरे समजावायच्या फंदात पडलो नाही, दोरी टाकीच्या पाइपला हलवून दिली आणि छत्री पुन्हा लावून घेतली.

ऑक्टोबर लागताना तीन-चार दिवस सकाळी अकराच्या जरा आधी आईचा टीव्ही काही मिनिटं बंद पडायचा. बिघाड नव्हे, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. मला मात्र नेम तपासायची ही आयती संधी मिळाली. त्या मिनिटांत गच्चीवर जाऊन बघितलं, तर एलएनबीच्या दांडीची सावली डावी-उजवीकडे न झुकता सरळ पडलेली होती. असाच योग पुन्हा १२-१३ मार्चला, साधारण सव्वा अकराला आहे. तेव्हा पाना खिशात घेऊनच वर जाईन, काकूंची दोरी कुठे आहे तेही बघून येईन.