बाहेरचा डिव्हायडर की टाकीतला सेन्सर?

तिरोड्याच्या धानापासून अकोल्याच्या कपाशीपर्यंत ७६५ केव्हीची लाइन जाते. तारेवर वीज पडली की उठणारी व्होल्टेजची लाट मायक्रोसेकंदांची. ती मोजायला बाहेर उभा केलेला आरसी डिव्हायडर (रेझिस्टर-कपॅसिटरची साखळी, जी व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात कमी करून दाखवते) पुरतो. पण गॅस इन्सुलेटेड स्विचगिअरमधला (गॅस भरलेल्या धातूच्या टाकीतल्या स्विचयंत्रणेतला) आयसोलेटर, म्हणजे लाइन तोडणारा स्विच, हलवला, की एसएफ-६ या इन्सुलेटिंग गॅसमध्ये ठिणग्या पडून काही नॅनोसेकंदांत चढणारी लाट येते. तिथे डिव्हायडरची लांब वायरच घात करते. इंडक्टन्समुळे लाटेचा माथा चुकतो.

टाकीच्या भिंतीत बसवलेला कपॅसिटिव्ह सेन्सर १०० मेगाहर्ट्झही पकडतो. खोड एकच: मोजयंत्राच्या ५० ओहमच्या इनपुटवर थेट जोडला तर लाटेचा संथ भाग गळतो, आयसोलेटर उघडल्यावर वाहकावर अडकलेला चार्ज दिसतच नाही. म्हणून मध्ये बफर (सेन्सरवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा सर्किटचा टप्पा) हवा, कॅलिब्रेशनही जागेवरच. तरी पैसे मी सेन्सरवरच टाकीन. (मे महिन्याच्या ४५ अंशांत कपॅसिटन्स थोडा सरकतो, पण तो दोघांचाही.)