दुबई-मस्कतला शिकवणाऱ्यांनो, "अनुभवावर बीएड" म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझी धाकटी बहीण दुबईत सीबीएसई शाळेत मॅथ्स शिकवते. एमएस्सी आहे, अनुभव भरपूर, फक्त बीएड नाही, आणि शाळेनं आता मागे लागून सांगितलं की बीएड करून घ्या नाहीतर पुढे अवघड आहे. अशाच लोकांना गाठणारी माणसं आपल्या सोलापुरात बसलीत, म्हणून हे लिहितोय.

सात रस्त्याजवळ एकाचं ऑफिस आहे. तो म्हणाला, ताईंचा अनुभव आहे ना, मग त्याच्यावरच बीएड होतं, डिस्टन्स मोड, परीक्षा ऑनलाइन, अटेस्टेशनसकट (परदेशात चालावी म्हणून डिग्रीवर लागणारे सरकारी शिक्के) सगळं आमच्याकडे. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे, मग प्रोजेक्टचे, मग "युनिव्हर्सिटीत अर्जंट भरायचेत" म्हणून अजून, आणि पावती मागितली की साध्या कागदावर सही. परीक्षा म्हणजे काय तर एक गुगल फॉर्म, टिक करायचे प्रश्न, तेवढंच. बहिणीनं तेव्हाच फोन केला होता, दादा, बीएडची परीक्षा अशी असते का रे? त्याला विचारलं तर म्हणे नवीन पॅटर्न आहे.

मार्कशीट आली ती बघून डोकं सुन्न झालं. मोड रेग्युलर लिहिलेला, शाळेतली इंटर्नशिप पूर्ण दाखवलेली, आणि त्याच दोन वर्षांत तिच्या पासपोर्टवर दुबईचे शिक्के! ज्या विद्यापीठाचं नाव होतं तिथं चौकशी केली तर असा सीट नंबरच त्यांच्या रेकॉर्डला नाही. हे नशीब की कागद अटेस्टेशनला जायच्या आधीच कळलं. तिकडं खोटं सर्टिफिकेट दाखल झालं असतं तर नोकरी तर जातेच, पोलीस केस शिक्षकावर होते, एजंटवर नाही.

आता खरं काय ते सांगतो. एनसीटीईच्या, म्हणजे बीएड कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, 2014 च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचं झालं, त्यात 20 आठवडे शाळेत इंटर्नशिप, वर्गाला 80 टक्के आणि इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी, हे दुबईत बसून होणारच नाही. इग्नूचं डिस्टन्स बीएड खरं आहे पण ते आधी डीएड वगैरे मान्यताप्राप्त ट्रेनिंग झालेल्यांसाठी, नुसत्या एमएस्सीवर नाही. कॉलेजला मान्यता आहे का ते एनसीटीईच्या साइटवर स्वतः बघा, एजंटनं पाठवलेल्या पीडीएफवर नको.

ब्रिटिश करिक्युलमच्या शाळेत असाल तर इंग्लंडच्या शिक्षण खात्याचं आयक्यूटीएस, म्हणजे परदेशात शिकवणाऱ्यांसाठीची शिक्षक पात्रता, आहे, 2022 ला सुरू झालं, परदेशात नोकरी करत करता येतं आणि त्याला क्यूटीएसचाच, म्हणजे इंग्लंडमधल्या अधिकृत शिक्षक पात्रतेचाच, दर्जा आहे. पण ते देणाऱ्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर आहे, तीच धरा. नुसतं इंटरनॅशनल पीजीसीई (शिक्षकांसाठीचा पदव्युत्तर कोर्स) केलं म्हणजे क्यूटीएस मिळत नाही, हेही लोक फिरवून सांगतात. आणि पैसे भरायच्या आधी आपल्या शाळेच्या एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या की ही डिग्री चालेल, फोनवरचं बोलणं नको.

आम्ही आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिलीय. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. सोलापुरात अजून कोणाचे असे गेले असतील, पंढरपूर-बार्शीकडचे पण असतील, तर लाजू नका, पावत्या, चॅट, कॉल रेकॉर्डिंग काहीही असेल ते घेऊन तक्रार द्या, कारण एकट्या आमच्या कागदावर तो "गैरसमज झाला" म्हणून सुटायला बघतोय.